दोघांपैकी एकाला येत नव्हतं

विमान सुटायच्या आधीच आक्काने शेजारच्या सोनेरी चष्मेवाल्याला सांगून टाकलं होतं, "पुढे चालवायला बसलीय ना, ती माझी सून. कप्तान." त्याने काही विचारलं नव्हतं. पण चांगली गोष्ट कुणी विचारेपर्यंत झाकून ठेवली तर ती नासते, असं आक्काचं मत.

आता तीच बढाई घशात अडकली होती. विमान ठरल्या शहरावर वेळेत पोचलं, धुक्यावर पाऊण तास घारीसारखं फिरलं, आणि मग सुनेचा शांत आवाज आला. इथे उतरता येत नाही, दुसऱ्या विमानतळावर जातोय. हा दुसरा विमानतळ तिथून तासाभराच्या उड्डाणावर. साडेनऊला विमान टेकलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. शिडी नाही, बस नाही, धड पाणीही नाही.

आणि तिकडे ठरल्या शहरात धाकट्या बहिणीचं अकराला हृदयाचं ऑपरेशन. धाकटी आधी दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून पळून आलेली. या खेपेला तिची एकच अट होती, आक्का दारापर्यंत हात धरून आली तरच आत जाईन. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता टाळलंत तर पुढचं माझ्या हातात नाही.

चष्मेवाल्याने फोन पुढे केला. "बघा, आपल्या मागून आलेली दोन विमानं तिथे उतरलीसुद्धा. तुमच्या सूनबाईंना धुक्यात जमत नाही वाटतं."

मागच्या रांगेतून कुणीतरी खिंकाळलं, "बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं."

आक्का मान वळवून म्हणाली, "तुला नऊ महिने न आपटता आणला तोही बाईनेच ना? मग गप बस."

तो गप्प बसला, पण आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लोकांची तोंडं बंद करता येतात, स्वतःचं कसं करायचं? ती उठली. हवाईसुंदरी आडवी आली तशी म्हणाली, "बाजूला हो पोरी. मी प्रवासी नाही, सासू आहे."

पुढे चहा-पाण्याच्या ओट्याशी सून उभी होती. हातातला कागदी पेला गार झालेला. वैमानिकांच्या कोठडीचं दार उघडं, आणि तिथे पन्नाशीचा टक्कल पडलेला सहवैमानिक मान खाली घालून काहीतरी लिहीत होता.

"मागची उतरली, तू का नाही उतरलीस?"

"आई, हळू बोला."

"मला हळू बोलता येत नाही. तुला धुक्यात उतरता येत नाही का, तेवढं सांग."

सुनेने पडदा ओढला. "मला येतं. त्याची वेगळी परीक्षा असते, ती मी देत असते. पण दाट धुक्यात दोघांचीही परीक्षा झालेली लागते. हे आतले माझे जोडीदार या जातीच्या विमानावर नवीन आहेत, त्यांची व्हायचीय. ऑफिसने पहाटे आयत्या वेळी जोडीदार बदलला."

"मग एकटीने उतरवायचं! तो काय करणार होता, बसला असता शेजारी."

"नुसतं बसायचं नसतं. मी बाहेर दिवे शोधत असते तेव्हा त्यांनी आतले आकडे बघायचे. मी ऐन वेळी गप्प झाले, तर विमान त्यांनी वर उचलायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. ती सवय हाताला नसेल तर विमानात दोन आंधळे."

"मग सांग की त्या लोकांना! तुझ्या नावाने शिमगा चाललाय तिकडे."

"नाही सांगणार. निघायच्या आधी त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, हवा साफ राहील म्हणतायत, चला. कप्तान मी आहे. बोलणी मीच खाणार."

आता आक्काची पंचाईत झाली. शिव्या तयार होत्या, पण घ्यायला माणूस सापडेना. सुनेला द्याव्यात तर ती खरं बोललेली. टकल्याला द्याव्यात तर तो आधीच सांगून मोकळा झालेला. ऑफिस लांब, आणि धुक्याला कान नाहीत.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, आई पलंगावरून उतरलीय. चपला शोधतेय."

"दे तिला."

"आक्का," धाकटी म्हणाली, "तू नाहीस तर मी नाही. लाखात एक सून म्हणायचीस ना? मग तिचं घोडं कुठे अडलं?"

टकल्याचे कान लाल झालेले इथून दिसत होते. त्याने सगळं ऐकलं होतं. तो उठला, भिंतीतली घडीची खुर्ची पाडली आणि तिला हाताने बसा म्हणाला.

"ऐक," आक्का बसत म्हणाली. "सुनेला येतं. तिच्या जोडीदाराला हे काम अजून येत नाही, आणि त्याने ते तोंडाने सांगितलं. म्हणून मी तुझ्याशी बोलायला शिल्लक आहे. तू डॉक्टरला म्हण, आत जे जे उभे राहणार त्यांना माझ्यादेखत विचारा. भूल देणारी, हत्यारं देणारी, मशीन चालवणारा, सगळ्यांना. हे काम येतं का? एक जरी नाही म्हणाला तर चपला घाल आणि घरी जा, मी ब्र काढणार नाही. सगळे हो म्हणाले तर मुकाट्याने आत जा."

"डॉक्टर चिडतील गं."

"चिडू दे. तुला त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

फोन बंद झाला. पडद्यापलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवून बस मागत होतं. सून दोनदा बाहेर जाऊन हात जोडून आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आक्काने पाहिलं नाही असं दाखवलं. तेवढीच माया तिला जमायची.

अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

"मावशी, आई गेली आत. डॉक्टर लालबुंद झाले होते, पण एकेकाला विचारलं त्यांनी."

"सगळे हो म्हणाले?"

"हो. मशीनवाल्याने जरा वेळ घेतला, मग तोही म्हणाला."

"वेळ घेतला? का घेतला?"

"आता कुणाला विचारू? दार बंद झालं."

आक्का टकल्याकडे वळली. "काय हो, तुम्हाला सांगायला वेळ लागला होता का?"

"नाही, मावशी. लगेच सांगितलं."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि भाच्याचा नंबर पुन्हा फिरवायला लागली. तो उचलत नव्हता.