घोंगडीवरचं शांत लेकरू

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड, अंगाला टोचणारी. बोलायची हौस आता राहिली नाही, जीव थकलाय. पण दवाखान्यांच्या इतक्या ओसऱ्या या अंगानं झाडल्यात, की कुणीतरी ऐकून घ्यावं असं वाटतं.

दौलताबादच्या किल्ल्याखाली मुंजाबाच्या मेंढ्या चरायच्या. त्यांच्याच लोकरीची मी. सणगराच्या मागावर विणली गेले, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झाले आणि मुंजाबाच्या घरी आले. तिथं माझा मान मोठा. घोंगडी अंथरली की तिच्यावर देव येऊन बसतो, असं ही माणसं मानतात. तिच्यावर खोटं बोलायचं नाही, पाय पसरायचे नाहीत, चुळबुळ तर मुळीच करायची नाही. मुंजाबाची नात सत्यभामा हे रांगत असतानाच शिकली. पुढे तिला शिकवलेलं फारसं काही टिकलं नाही, हे मात्र पक्कं टिकलं.

तिचा बाप भिकन वाळूजच्या कारखान्यात लागला आणि बिऱ्हाड पुंडलिकनगरच्या एका खोलीत आलं. तिथं पोरगी चौथीला होती. दप्तर एकीकडे, पोरगी दुसरीकडे. पाण्याला पाठवली तर कळशी नळाखाली वाहत ठेवून पतंगामागे पळायची. एकदा कंपनीच्या बसपुढे धावली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. आळशी म्हणावं तर दिवसभर पायाला भिंगरी, ढ म्हणावं तर विचारलेलं चटकन सांगायची. मार खाऊनही काही फरक पडला नाही.

शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, की ही अशीच राहिली तर पाचवीत घेणार नाही. मुंजाबा म्हणाला, "मंग धाडा माझ्याकडं. पळायचंच हाय ना तिला? मेंढरामागं पळंल."

हे ऐकत होती तिची आई कस्तुराबाई. मेंढरांपायी तिची स्वतःची शाळा बुडाली होती. लेकीची बुडू द्यायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

मग सुरू झाली फिरफिर. आधी देवऋषी, मग गल्लीतला डॉक्टर, मग मोठ्या पाटीचा डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी कस्तुराबाईच्या काखेत मी. साहेबासमोर लेकरू नीट बसावं म्हणून ती मला आत नेऊन अंथरायची आणि पोरीला वर बसवायची. पोरगी मूर्तीसारखी बसायची! कुठलाही डॉक्टर बघून म्हणायचा, "चांगली शांत आहे की!" आणि ताकदीची बाटली लिहून द्यायचा. एकानं तर कस्तुराबाईलाच सुनावलं, की लाड कमी करा.

घरी आल्यावर भिकन चिडायचा. "तिथं का नाय सांगितलं, ही घरात कशी वागती ते?"

"सायेब म्हणला शांत हाय. त्याला खोटं पाडू व्हय मी?"

त्या दिवसांत शहराचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हावं म्हणून मोर्चे निघत, होऊ नये म्हणूनही निघत. पुण्याहून येणाऱ्या एका डॉक्टरकडे मोठ्या मिनतवारीनं नंबर लागला, तर त्याच दिवशी बंद. मायलेकी पायी गेल्या, दवाखान्याला कुलूप. एखादी गोष्ट रखडली की लोक तिला भिजत घोंगडं म्हणतात. नामांतराचं तेच झालं होतं, आमच्या पोरीचंही तेच. नाव मात्र माझं खराब.

शेवटी कुणीतरी सरकारी दवाखान्यातल्या बाई डॉक्टरचं नाव सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली होती. बाई म्हणाल्या, "घोंगडी बाहेर ठेवा, ओली होईल." कस्तुराबाई घुटमळली, पण डॉक्टरचा शब्द मोडणार कसा? तिनं मला दाराबाहेरच्या कठड्यावर टाकलं. दार उघडंच होतं.

पोरीनं आधी स्टूल गरगर फिरवलं. मग वजनकाट्यावर उडी, मग बेसिनचा नळ, मग बाईंच्या गळ्यातली नळी ओढून स्वतःच्या कानात. "हे काय वाजतंय? तुमचं वाजतंय का माझं?" कस्तुराबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडायला लागली.

"माफ करा बाई. घोंगडीवर बसली की लई शांत ऱ्हाती वो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि घोंगडी नसली की?"

कस्तुराबाईनं दाराबाहेर माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अशीच. रोजच अशी."

"मग आजवर हिला कुणी पाहिलंच नाही," बाई म्हणाल्या. "ही हट्टी नाही, वेडीही नाही. हिचं लक्ष एका जागी टिकत नाही. असा आजार असतो आणि त्याला इलाजही असतो."

इलाज काही जादूचा नव्हता. पहिल्या गोळीनं पोरगी जेवेना, भिंतीकडे बघत बसायची. कस्तुराबाईला तेही सांगायचं धाडस होईना. पण या बाई खोदून खोदून विचारायच्या, आणि ऐकून औषध बदलायच्या. त्यांनी शाळेच्या बाईंना निरोप दिला, पोरीला पुढच्या बाकावर बसवायला सांगितलं. सत्यभामा पाचवीत गेली. मुंजाबाची मेंढरं तिच्याविनाच चरत राहिली.

पुढे डॉक्टरबाईंची बदली झाली आणि कस्तुराबाईचं फिरणं पुन्हा सुरू झालं. माणसं औषधाला कंटाळत नाहीत, तितकी नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगायला कंटाळतात.

यंदाच्या जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. त्याच थंडीत मला खांद्यावर घेऊन कस्तुराबाई लेकीबरोबर आणखी एका डॉक्टरकडे गेली. सत्यभामा आता कॉलेजात जाते. डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शांत मुलगी दिसते. गोळ्या कशाला हव्यात?"

कस्तुराबाईनं सवयीनं मान डोलावली. सत्यभामा मात्र बोलली. "साहेब, लोकांपुढं गप बसायला मला लहानपणीच शिकवलंय. आत काय चालतंय ते विचारा."

 डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "सांग."

मी आता विरलेय, कडा सुटल्यात. मला कुठं नेऊ नका. तुमच्या लेकराला मात्र जरूर न्या, आणि नेताना ते घरी जसं असतं तसंच न्या.