बियाण्याची चाळण

मी एक जुनी चाळण आहे. मित्रांनो, माझी कीव करण्याआधी सगळं ऐकून घ्या.

एका सुताराने लाकूड वाकवून माझं कडं केलं आणि त्यावर भोकं पाडलेलं कातडं ताणून बसवलं. भोकं इतकी नेमकी, की गहू वर राहावा आणि बारीक कचरा खाली पडावा. गव्हात एक रानगवत उगवायचं. त्याचे दाणे विषारी, पण बारीक. मी ते भराभर खाली पाडत असे. शेजारणीसुद्धा मला मागून न्यायच्या. मी भारी फुशारले होते.

पण त्या गवताचे थोडे दाणे मुळातच टपोरे होते. ते माझ्या भोकांतून पडत नसत. ते गव्हाबरोबर बियाण्याच्या पोत्यात जात आणि गव्हाबरोबरच पेरले जात. त्यांची पिलावळही टपोरी. मी दरवर्षी बारीक दाणे काढत गेले आणि टपोऱ्यांना शेत मोकळं करून देत गेले. घराच्या तीन पिढ्या सरल्या, तोवर ते दाणे गव्हाएवढे झाले. त्यांना मीच पोसलं.

घरातल्या काकूंनी हे ओळखलं होतं. चाळून झालं तरी त्या खिडकीपाशी ताट घेऊन बसत आणि त्या गवताचे करडे दाणे एकेक करून वेचत. पुढे त्यांची नजर गेली. त्यांनी पुतणसुनेला बजावलं, "चाळणीवर विसंबू नकोस गं. हाताने निवडत जा."

"काकू, चाळण काय आज आलीय घरात? इतक्या वर्षांत झालं का कुणाला काही?" ती हसून म्हणाली.

झालं नव्हतं, कारण काकू निवडत होत्या.

त्या वर्षी पाऊस फार झाला. गहू खुरटला आणि गवत माजलं. सुनेच्या चार वर्षांच्या मुलीने नव्या पिठाची पेज वाटीभर खाल्ली. थोड्या वेळाने ती झोकांड्या देत चालू लागली.

"बघा, आमची चिमणी नाचतेय!" बाप म्हणाला. सगळे हसले.

मग मुलगी भिंत चाचपत म्हणाली, "आई, खिडकी का लावलीस?"

खिडकी उघडीच होती. काकूंच्या हातातली वाटी गळून पडली. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली.

मित्रांनो, मला कुणी बोल लावला नाही, फक्त खुंटीला टांगलं. मी माप तेवढं पाहते. दाणा पाहायला तुमचेच डोळे लागतात, ते झाकू नका.

सून आता रोज खिडकीपाशी बसते आणि एकेक दाणा हाताने निवडते. पेज खाणारी चिमणी घरात उरली नाही, तरी निवडते.