ओट्यावर उच्चारलेला पासवर्ड

मी एक जुना पासवर्ड आहे. कोणता, ते विचारू नका, पहिलं अक्षरसुद्धा सांगणार नाही. मित्रांनो, राग मानू नका, पण तुमच्यावरही माझा भरवसा नाही. तुम्ही गुणी असाल हो, पण तुमच्या खांद्यावरून कोण वाकून बघतंय, ते मला काय माहीत?

माझा जन्म लोणावळ्यात, शिफाबाईंच्या स्वयंपाकघरात झाला. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. समोर बसले होते कुरवंड्याचे दत्तोबा. गुरं राखण्यात जन्म गेलेला, त्यामुळे डोंगराची कपार न् कपार त्यांना पाठ. शाहीन ससाणा कोणत्या कड्यावर अंडी घालतो, पिल्लं किती निघाली, याची दोघं मिळून मोबाईलवर नोंद ठेवत. ती जागा भलत्या माणसाला कळली, की पिल्लं चोरीला जातात. एकदा तसं घडलंही होतं, आणि दत्तोबा दोन दिवस जेवले नव्हते.

म्हणून शिफाबाईंनी त्या नोंदींच्या फाइलला कुलूप घातलं. कुलूप घातलं की आतल्या अक्षरांचा असा काला होतो, की कुणाच्या बापाला वाचता येऊ नये. मला टाइप केलं, की तीच अक्षरं पुन्हा सरळ होतात. किल्ली एकच, ती दोघांच्या डोक्यात. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द, म्हणजे मी. दत्तोबा घरी जाताना वाटभर मला पुटपुटत राहिले, तेव्हाही माझा जीव खालीवर होत होता.

तीन वर्षं मी चोख काम केलं. शिफाबाई माझं कौतुक करायच्या. मात्र त्यांची एक गोष्ट मला पटली नाही. आपला मोबाईल बिघडला तर नोंदी जातील, म्हणून त्यांनी ती कुलूपबंद फाइल पक्षी बघणाऱ्या आठ जणांच्या ग्रुपवर टाकली. कुलूप आहे ना, मग भीती कसली, असं त्यांचं म्हणणं. कुसगावचा हौशीराम, पर्यटकांना डोंगर दाखवणारा, त्याने सगळ्यांच्या आधी हात जोडून आभार मानले. जी फाइल उघडता येत नाही, तिच्याबद्दल एवढे आभार? मी तेव्हाच त्याला ओळखून ठेवलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तीन पिल्लं निघाली. दत्तोबांना ती नोंद करायची होती, आणि नेमका माझा तिसरा शब्द त्यांना आठवेना. त्यांच्या फोनला रेंज येते फक्त देवळाच्या ओट्यावर. तिथून त्यांनी शिफाबाईंना फोन लावला. वारा सुटलेला. बाई पहिल्यापासून एकेक शब्द सांगत होत्या आणि बरोबर ऐकलं ना, म्हणून दत्तोबा प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणत होते. अरे देवा! तीन वर्षं गुपचूप बसलेला मी त्यांच्याच तोंडून अख्खा बाहेर पडलो. ओट्याच्या कडेला चहा पीत बसलेल्या हौशीरामचा अंगठा मोबाईलवर भराभरा चालत होता.

फोनमध्ये शिफाबाईंना देवळाची घंटा ऐकू आली. "आबा, कुठून बोलताय तुम्ही?"

"ओट्यावरनं. हितंच रेंज येती."

"शेजारी कोण आहे?"

दत्तोबांनी वळून पाहिलं. चहाचा रिकामा ग्लास तेवढा होता.

बाईंनी त्याच दुपारी पासवर्ड बदलला. नवा आला, मी निवृत्त. पण नवं कुलूप नव्या फाइलला लागतं. ग्रुपवर आधी गेलेल्या जुन्या फाइलच्या आठही प्रती आजही माझ्यानेच उघडतात. नाही म्हणायची सोय मला नाही. अक्षरं बरोबर पडली, की चोरासमोरही मी उघडतो. याची मला फार लाज वाटते.

दत्तोबा भाकरी बांधून, काठी घेऊन कड्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी हौशीराम आला. खांद्यावर दोर, हातात आंब्याची पेटी. फोटो काढायला आलोय म्हणाला.

"फोटूला भोकं पाडलेली पेटी कशाला लागती?" दत्तोबांनी विचारलं.

पेटी उचलून तो उतरून गेला. शिफाबाईंनी वनखात्याला कळवलं, वनरक्षकही फेरी मारू लागला. पण दत्तोबा तिन्ही पिल्लं उडेपर्यंत रोज उन्हात बसले. चूक माझी हाय, म्हणायचे.

यंदा शिफाबाईंनी त्यांना विनवलं, की आबा, गुडघे धड नाहीत, आता पुरे. आपण पासवर्ड बदललाय ना!

"तू कुलूप बदललंस, पोरी. त्या पाखरानं घर कुटं बदललंय?" असं म्हणून ते निघालेसुद्धा.

मित्रांनो, मला चारचौघांत उच्चारू नका, आणि कुलूप आहे म्हणून फाइल वाटत सुटू नका. मला सांभाळायला काही लागत नाही, फक्त तोंड मिटून ठेवावं लागतं. ते एकदा उघडलं, आणि सत्तरीचा माणूस आज पुन्हा काठी टेकत कडा चढतो आहे.