पैजेची कवंदी

वाडीतलं लहानमोठं प्रत्येक माणूस कधी ना कधी कातरीनच्या हातची कवंदी पांघरून झोपलं होतं. राहिली होती ती एकटी कातरीन. ती आणि तिचा नवरा बस्त्याव, दोघं यल्लापूरच्या बाजारातून आणलेल्या एका करड्या चादरीत झोपायची, आणि ती चादरही पायाशी विरली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"लोक मला सोडतात कुठे?" असं कातरीन म्हणायची. म्हणताना कपाळाला आठी असायची, पण मान ताठ.

लोक सोडत नव्हते हे काही खोटं नव्हतं. कवंदी, म्हणजे आपली गोधडीच, वाडीतल्या सिद्दी बायका काठापासून शिवायला घेतात. खाली जुनं लुगडं अंथरायचं, वर एकेक ठिगळ ठेवत चारी काठांनी फिरत फिरत आत यायचं. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते, तिला पोट म्हणतात. त्यात तांदळाचे चार दाणे टाकायचे आणि वर शेवटचं ठिगळ लावून पोट मिटायचं, की कवंदी जेवली. उपाशी कवंदी ऊब देत नाही. खरी मेख या पोटातच असते. काठाशी धागा जरा ढिला सुटला, की ते ढिलेपण फेऱ्याफेऱ्याने आत सरकत येतं आणि पोटाशी येऊन उकिडवं बसतं. मग मधोमध असं टेंगूळ येतं की पांघरणाऱ्याला वाटावं, आत बेडूक ठेवलाय. कातरीनच्या हातून मात्र पोट ताटासारखं सपाट उतरायचं. म्हणून बायका कवंद्या आपापल्या घरी शिवायच्या आणि पोट मिटायला कातरीनच्या ओसरीवर आणायच्या. शिवाय बंगळूरच्या दुकानाची मागणी असायची, लग्नाच्या मुलींच्या कवंद्या असायच्या, बाळंतिणींच्या असायच्या.

स्वतःच्या लुगड्यांची कवंदी तिने तीनदा शिवायला घेतली होती. पहिली लेकीच्या लग्नात गेली, दुसरी भाचा वसतिगृहात राहायला निघाला त्याच्या वळकटीत, तिसरी दिराच्या घरी. देताना तोंड भरून कुरकुरायची आणि दुसऱ्या दिवशी नव्या लुगड्याचा काठ दुमडायला बसायची.

गेल्या नाताळाला मात्र पैज लागली. लावली हमीदाने. हमीदा पलीकडच्या अंगणातली, कातरीनची लहानपणापासूनची जोडीदारीण. नाताळाला हमीदा इकडे जेवायची, ईदेला कातरीन तिकडे.

"कोंबडी फक्कड झालीय हो," हमीदा हाड चोखत म्हणाली, "पण तू कुडकुडतेयस किती! घे की एखादी कवंदी अंगावर. अगं बाई, विसरलेच. तुला कुठली कवंदी!"

"पुढच्या नाताळाला बघ. माझ्या लुगड्यांची, माझी. चारी कोपऱ्यांना फुलं लावलेली."

"हे मी तुझ्या लग्नापासून ऐकतेय."

"मग लाव पैज."

"लावली. पुढच्या नाताळाच्या आत तुझी कवंदी तुझ्या अंगावर दिसली, तर सगळ्या वाडीला कोंबडी मी घालते. नाही दिसली तर तू. आणि कुणाला देऊन मोकळी झालीस तरी हरलीसच."

"ऐकलंस ना रे?" कातरीनने बस्त्यावला साक्षीला घेतलं.

"मला काय," बस्त्याव ताटातून मान वर न काढता म्हणाला, "दोन्हीकडून कोंबडीच."

पैजेने कातरीनला जोर चढला. तिने नेम केला: सकाळचा उजेड लोकांचा, जेवणानंतरचा माझा. सून रेमेतला तिने दारावर बसवलं. दुपारी कुणी कवंदी काखेत मारून आलं, की रेमेत सांगायची, "माय घरात नाहीत." एवढ्यात आतून आवाज यायचा, "कोण आलंय गं? पोटाशी अडलंय काय? आण इकडे!" रेमेत कपाळाला हात लावायची. तरीही पावसाळाभर लोकांचं निभावून कातरीनची कवंदी फेऱ्याफेऱ्याने आत येत राहिली. पहिल्या लेकराच्या बाप्तिस्म्याला नेसलेलं हिरवं लुगडं काठाला लागलं, आईचं जांभळं त्याच्या आत आलं. भातकापणी झाली तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती. कोपऱ्यांची फुलंही तिने दुमडून तयार ठेवली होती, कारण फुलांवाचून कवंदी नागडी दिसते. आता नाताळाला अवकाश होता आणि काम थोडं होतं. कातरीन वाडीतून फिरताना हमीदाला ऐकू जाईल अशा बेताने कोंबड्यांची चौकशी करायची.

मग हमीदाची लेक जैतून बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली. पाळण्यातली कवंदी आजीने द्यायची असते, आणि हमीदाची अजून कापडंही कापून झाली नव्हती. कातरीन बाळ बघायला गेली ती हातात सुई घेऊनच.

"आण ती कापडं," ती बसता बसता म्हणाली. "पाळण्याचीच तर आहे. बघता बघता होईल."

"नको," हमीदा म्हणाली. "तुझी राहील मागे, आणि वाडी म्हणेल हमीदाने नातीला पुढे करून पैज मारली. माझी मी शिवीन."

"तू?"

"मी. का? हात नाहीत काय मला?"

कातरीनच्या चेहऱ्याने काय ते सांगितलं आणि हमीदाला ते कळलं.

दुसऱ्या दिवसापासून हमीदा आपल्या ओसरीवर शिवायला बसू लागली. मधलं अंगण हातभर, त्यामुळे कातरीनला इथून टाका न् टाका दिसायचा. आणि काय ते टाके! माळावरून शेळी चरत गेल्यासारखे, एक इकडे, एक तिकडे. एका जागी धागा एवढा ढिला की त्यात बोट अडकावं. कातरीनची स्वतःची सुई हातातच राहायची. आधी तिने डोळे फिरवले, मग पाठ फिरवून बसली, पण कानाला धागा ओढल्याचा आवाज यायचाच.

"ओढ की जरा!" शेवटी ती इथूनच ओरडली.

"ओढलाय."

"त्याला ओढणं म्हणतात? कड आत घे, कड! बाहेर लोंबतेय!"

"तू तुझं बघ ना गं बाई."

कातरीन तिचं सोडून सगळं बघत होती. तिची चटई अंगणाच्या कडेला आली, मग अंगणात आली. संध्याकाळी रेमेतने सासूच्या मांडीवरची कवंदी उचलून बघितली आणि म्हणाली, "माय, आज तुमचा एक टाका पडला नाही." कालही पडला नव्हता.

हमीदाची कवंदी पोटाशी आली त्या सकाळी मात्र कातरीनला राहवलं नाही. मध्ये टेंगूळ उभं राहत होतं, अंगणापलीकडूनही दिसत होतं. ती तरातरा गेली, हमीदाच्या मांडीवरून कवंदी उचलली आणि कातरीच्या टोकाने शेवटच्या फेऱ्याचा धागा उसवायला लागली.

"मुद्दाम करतेयस तू," ती उसवता उसवता म्हणाली. "मला माहीत नाही होय? वाकडंतिकडं शिवायचं, कातरीनला बघवणार नाही, ती धावत येईल, तिची राहील. एवढी कोंबडीची पडलीय तुला?"

कातरीनने वर बघितलं तर हमीदाचे डोळे भरलेले.

"मुद्दाम?" हमीदा म्हणाली. "अगं, मला येतंच एवढं. लग्न झालं, पहिली कवंदी शिवली, पोटाशी आले आणि तू माझ्या हातातून सुई काढून घेतलीस. आण, तुझ्याने नाही व्हायचं, म्हणालीस. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या एका कवंदीचं पोट मी मिटलेलं नाही. ही जैतून झाली तेव्हा तिच्या पाळण्यातलीचंसुद्धा नाही. मग यायचं कुठून मला? लोक सोडत नाहीत, लोक सोडत नाहीत म्हणून मिरवतेस. तू सोड की एकदा लोकांना."

आत बाळ रडायला लागलं. हमीदाने कवंदी ओढून घेतली, उसवलेला धागा बोटावर गुंडाळला आणि उठून गेली.

कातरीन घरी आली. तिला संताप आला होता. केलं त्याचं काही नाही, वर बोलणी! भांडी आपटून झाली, कुत्र्याला ओरडून झालं. मग राग उतरला आणि खाली नुसतं वाईट वाटणं उरलं. ते तर आणखी सोसेना. भाच्याची वळकटी तिच्या डोळ्यांपुढे आली. त्याने स्वतःचं चांगलं नवं ब्लँकेट विकत आणलं होतं. तो काही मागत नव्हता. ते ब्लँकेट बघून तिलाच अपमान वाटला होता आणि तिने आपली कवंदी त्याच्या बांधणीत कोंबली होती. दिराने तरी कुठे मागितली होती!

रेमेत चुलीपाशी सुकी मासळी भाजत होती.

"रेमेत, तू कधी कवंदीचं पोट मिटलंस गं?"

"कधी दिलंत, माय?" रेमेत मासळी उलटत म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी साऱ्या बायका हमीदाकडे जमल्या. कातरीनही गेली. पाळण्यात कवंदी अंथरलेली होती, काठाला चंद्रकोर, कोपऱ्यांना फुलं, आणि मधोमध ते टेंगूळ, लिंबाएवढं. कुणी हसलं नाही, कुणी चांगलंही म्हटलं नाही. सगळ्याजणी कातरीनकडे बघत राहिल्या. वाडीत कातरीनने हात फिरवल्याखेरीज कुठलीच कवंदी पुरी झाली नव्हती आजवर.

कातरीनने हात फिरवला. तिच्या बोटांना सगळं कळलं: कुठे धागा ढिला सुटलाय, कुठे उसवायचं, कुठे बारीकशी चूण घालून वर ठिगळ लावलं की सारं बसेल. बाळाला दूध पाजून होईपर्यंतचं काम. बोटं शिवशिवायला लागली.

हमीदाचा धीर सुटला. "फार वर आलंय काय गं?" ती हळूच म्हणाली, आणि तिने सुई पुढे केली. "बघतेस जरा?"

"मला वेळ नाही," कातरीन म्हणाली.

हे शब्द कातरीनच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. जैतूनसुद्धा बाळाला पाजता पाजता बघत राहिली.

"आणि त्यात बघायचं काय? पोट आहे ते. तुझ्या नातीची कवंदी जेवलेली दिसायला नको? माझ्या सगळ्या मेल्या उपाशीच दिसतात, सपाट."

आधी जैतून हसली, मग सगळ्याच. हमीदा हसता हसता डोळे पुसायला लागली आणि तिने सुई आपल्या केसांत खोचून टाकली. "मी मिटलंय ते," तिने शेजारणीला सांगितलं. "एकटीने." मग दुसरीला सांगितलं. कातरीनने खीर खाल्ली, आणखी थोडी मागून खाल्ली, बाळाच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला आणि घरी निघाली.

घरी बंगळूरच्या दुकानाची कवंदी पोटाशी येऊन पडली होती. ती तिने रेमेतपुढे टाकली.

"ही तू मिट."

"मी? आणि बिघडली तर?"

"तर बंगळूरकरांना सांगायचं, रेमेतने मिटलीय."

सासू-सुना ओसरीच्या दोन टोकांना बसल्या. रेमेतच्या कवंदीला शेवटच्या फेऱ्यात एक चूण पडली. कातरीनने ती बघितली, दातांत धागा धरला आणि तोंड मिटून घेतलं. एवढा अवघड टाका तिने जन्मात घातला नव्हता. मग मात्र तिचे डोळे आपल्या मांडीवर आले आणि तिथेच राहिले. हिरव्याच्या आत जांभळं, जांभळ्याच्या आत लग्नातलं लाल, आणि मध्ये वीतभर, मग तळहाताएवढी जागा. फेरे कधी संपले तिला कळलंच नाही. तिने तांदळाचे दाणे टाकले, शेवटचं ठिगळ लावून पोट मिटलं, कोपऱ्यांना फुलं शिवली आणि धागा तोडला.

मग सवयीने तिने मान वर करून इकडेतिकडे बघितलं, कुणाला द्यायची म्हणून. अंगणात कोंबड्या होत्या आणि ऊन होतं. घ्यायला कुणी आलं नव्हतं.

कातरीन तिथेच ओसरीवर आडवी झाली आणि कवंदी गळ्यापर्यंत ओढून घेतली. भर दुपार होती, कौलं तापली होती. लुगड्यांचा सगळा भार अंगावर आला, आणि तिला एकदम एवढं बरं वाटलं की रडू आलं. तिने ते येऊ दिलं.

"अगं ए!" पलीकडून हमीदा ओरडली. "ताप भरलाय काय? या उन्हात पांघरून काय पडलीस?" मग तिला दिसलं काय आहे ते, आणि ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. "मेले," ती म्हणाली. "आता अख्ख्या वाडीला घालायचं!"

रेमेतने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि म्हणाली, "माय, घामाने निथळताय. निदान पाय तरी बाहेर काढा."

कातरीनने पाय आणखी आत घेतले.