सिंधूला दिसलेला सातपुडा

कळसाडीच्या पितांबर पाटलांची सिंधू शहाद्याला आत्याच्या घरी राहून मुलींच्या शाळेत शिकत होती, आणि तिच्याबद्दल लोकांची दोन मतं होती. एक, पोरगी एकपाठी आहे. दुसरं, पोरगी माजोरी आहे. एकपाठी यासाठी की बाईंनी एकदा वाचून दाखवलेला धडा ती जसाच्या तसा म्हणे, आणि पावकी-निमकी तर झोपेतून उठवून विचारावी. माजोरी यासाठी की रस्त्यात समोरून सख्खी मावशी आली तरी ही आपली नाकासमोर चालू लागे. "शिकेल आंडेर शे ती, तिले मानसं कोठे दिखतीस!" असं बायका म्हणत; आंडेर म्हणजे लेक. अगदी खरं तेच त्या बोलत होत्या, पण एकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

सिंधूला हातभर अंतरापलीकडचं धड दिसत नव्हतं. आणि गंमत अशी की हे खुद्द सिंधूलाही ठाऊक नव्हतं. कळायला लागल्यापासून जग असंच होतं. जवळ असतील ती माणसं, आणि त्यापलीकडे सगळा रंगांचा काला. सगळ्यांना असंच दिसत असणार, असं ती धरून चालली होती. फळ्यावरचं पोरी भराभरा वाचतात कशा, हे कोडं तिला पडे खरं; पण त्याचाही उलगडा तिनं आपल्यापुरता करून टाकला होता. हुशार पोरींना फळा पाठ असणार. आपण अजून तेवढ्या हुशार झालो नाही.

तिच्या शेजारी बसे नजमुन्निसा. बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मुनव्वरमियाँची ही नात. उर्दू शाळा चौथीला संपली तेव्हा आजोबांनी तिला मराठी शाळेत आणून घातलं. पहिल्या दिवशी तिच्याजवळ कुणी बसेना, सिंधू बसली. तेव्हापासून फळ्यावरचं नजमा तिच्या कानात कुजबुजे, आणि कविता नजमाकडून सिंधू पाठ करून घेई. दोघींचं मेतकूट असं जमलेलं की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल शोधे.

सदतीस सालच्या माघात मात्र पंचाईत आली. सातवीच्या फायनलला नांदुरबारला कुणाला पाठवायचं हे ठरवण्यासाठी प्रमिलाबाई चाचणी घेणार होत्या. गणितं फळ्यावर लिहिणार आणि पोरींना लांब लांब बसवणार, असं त्यांनी जाहीर केलं. इकडे पितांबर पाटलांनी लेकीला सांगून ठेवलं होतं, "पास व्हयनी ते नांदुरबार. नही ते वैशाखमा लगीन." प्रकाशा गावाकडचं एक स्थळ उंबरठ्यावर येऊन बसलंच होतं. सिंधूला मास्तरीण व्हायचं होतं. प्रमिलाबाईंसारखं खुर्चीवर बसून, हातात खडू धरून. हे ती नजमाखेरीज कुणाला बोलली नव्हती.

शाळा सुटल्यावर दोघी गोमाई नदीच्या काठावर जाऊन बसल्या. सिंधूनं शेवटी मनातलं विचारूनच टाकलं.

"नजमा, तू फळा कसा पाठ करस? माले बी शिकाड."

नजमाला वाटलं, ही थट्टा करतेय. ती हसली आणि नदीपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. देख, आज डोंगर कितला साफ दिखी ऱ्हायना!"

"कोनता डोंगर?"

"सातपुडा, येडी!"

"सातपुडा आठे कोठे शे?" सिंधू म्हणाली. "तो ते पुस्तकमा शे."

काखेत कळसा म्हणतात तो हा. शहाद्याच्या उत्तरेस सातपुडा पर्वत आहे, हे वाक्य सिंधूनं कितीदा तरी लिहिलं होतं आणि दर वेळी शाबासकी मिळवली होती. पण हिमालय जसा लांब कुठेतरी असतो, तसाच हाही असेल, अशी तिची समजूत. नजमा तिच्याकडे बघतच राहिली. मग ती उठली, वाळूतून थोडं पुढे गेली, कानातली बाळी काढली आणि हात उंच करून ओरडली, "सांग, मन्हा हातमा काय शे?"

सिंधूनं डोळे बारीक केले. मान वाकडी केली. "आंधी सांग," ती म्हणाली, "तुन्हा हात कोठे शे?"

नजमा हसली नाही. परत आली, सिंधूचं मनगट धरलं आणि थेट आजोबांच्या दुकानाकडे चालू लागली.

मुनव्वरमियाँ घड्याळांबरोबर चष्म्यांच्या दांड्याही जोडून देत. कुणी दुरुस्तीला टाकलेले, कुणी न्यायचे विसरलेले, कुणाच्या माघारी घरच्यांनी आणून दिलेले असे चष्मे त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात पडून असत. नजमानं सगळी हकीकत सांगितली. म्हाताऱ्यानं डबा उघडला, सिंधूला दाराकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाला, "बेटी, मेरी तरफ नहीं. बाहर देख." मग एकेक चष्मा तिच्या नाकावर चढू लागला. पहिल्यानं होतं तेही दिसेना. दुसऱ्यानं डोकं गरगरलं. तिसरा, चौथा, कशाचंच काही जमेना. सिंधू रडकुंडीला आली. डब्याच्या तळाशी तारेच्या दांड्यांचा, एका काचेला कोपऱ्यात तडा गेलेला चष्मा होता. तो त्यांनी पुसून तिच्या कानांवर अडकवला.

समोरच्या कडुनिंबाला पानं होती.

म्हणजे झाडाला पानं असतात हे तिला माहीत होतं. खाली पडलेली तिनं हातात घेऊन पाहिली होती. पण ती वर, फांदीवर, एकेक वेगळी असतात? प्रत्येक पान आपापलं हलतं? दुपारभर वाऱ्यानं एवढी मोठी खटपट चालवलेली असते आणि लोक त्याच्याखालून पान खात चालत जातात? सिंधू उठली ती तशीच रस्त्यावर गेली. कौलं, कौलांवरचं शेवाळ, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. एक म्हातारी पार पलीकडच्या ओट्यावर बसून आपल्याशीच हसत होती. आभाळात घारी फिरत होत्या, त्यांच्या शेपट्या वळताना दिसत होत्या. सिंधूनं तोंडावर हात धरला. तिला भीती वाटत होती, आनंद होत होता, आणि या सगळ्यात पाय नीट पडत नव्हते.

"चाल," नजमा म्हणाली. "आजून खरं ते देखायचंच शे."

पुन्हा गोमाईचा काठ. उन्हं कलली होती. सिंधूनं मान वर केली.

उत्तरेची सगळी बाजू डोंगरानं व्यापली होती. तिला आजवर जे आभाळाचा निळा तळ वाटे, ते आभाळ नव्हतंच. निळ्यामागे निळा, त्यामागे आणखी फिका निळा अशा रांगांमागे रांगा उभ्या होत्या. त्यांना घड्या होत्या, दऱ्या होत्या, सावल्या होत्या. एका कड्यावर ऊन थांबलं होतं. तिकडे वर तोरणमाळ आहे, तिथे माणसं राहतात, चुली पेटवतात, असं नजमा सांगत होती. सिंधूला ऐकू येत नव्हतं. एवढं प्रचंड काहीतरी आपल्या जन्मापासून आपल्या समोर उभं होतं, आपण त्याच्याकडे तोंड करून जेवलो, खेळलो, भांडलो, आणि आपल्याला त्याची खबर नाही! तिचे हात आपोआप जोडले गेले. मग एकदम तिला राग आला.

"तुम्ही समदा हाई रोज देखतस?"

"हा."

"आनि कोनी काही बोलत नही? नुसता शेंगा सोली ऱ्हायनात?"

नजमा वाळूत बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "आते तुले फळा दिखी. मन्हं काय काम?"

सिंधूनं डोंगरावरची नजर काढली. "तठे जाय," ती म्हणाली. "त्या चिंचपान. आनि हस."

"कसाले?"

"जाय ते खरी."

नजमा गेली, चिंचेखाली उभी राहिली, आणि उगाच हस म्हटल्यावर जे होतं तेच झालं; तिला खरंच हसू फुटलं. पोट धरून, ओढणी सावरत ती हसत सुटली. इतक्या वर्षांत सिंधूनं नजमाचं हसणं लांबून फक्त ऐकलं होतं. ते दिसतंही, खांद्यांना, गुडघ्यांना, सगळ्या अंगाला होतं, हे तिला आज कळलं. डोंगराइतकंच तेही तिनं डोळे भरून पाहून घेतलं.

चाचणीच्या दिवशी तिनं चष्मा लावला तेव्हा वर्गात खसखस पिकली. "आजीबाई उनी!" कुणीतरी म्हणालं. त्या काळी चष्म्याला चाळिशीच म्हणत. चौदा वर्षांच्या पोरीच्या नाकावर तो कुणी पाहिलेला नव्हता. प्रमिलाबाईंनी पट्टी आपटली. "हसायला काय झालं? गणितं फळ्यावर आहेत, सिंधूच्या नाकावर नाहीत." सिंधूनं फळ्याकडे पाहिलं. काळ्यावर पांढरं, स्वच्छ लिहिलेलं होतं. कुणालाही काही पाठ नव्हतं. बाई लिहीत होत्या आणि पोरी वाचत होत्या, इतका साधा कारभार! तिला हसू आलं, रडूही आलं, आणि मग ती मान खाली घालून गणितं सोडवू लागली. नांदुरबारला जायची नावं पुकारली तेव्हा पहिलं तिचं होतं. नजमाचंही होतं.

पण वाईट बातमीला पाय लागत नाहीत, ती उडतच जाते. पास झाल्याचं कळसाडीला कळायच्या आधी चाळिशीचं कळलं. बाजारच्या दिवशी पितांबर पाटलांनी बैलगाडी मुनव्वरमियाँच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे सोडली आणि ते तरातरा आत आले. दोघी पोरी तिथेच बसल्या होत्या.

"शिकीशिकीसन डोया गमाडी बठनी पोर!" ते कडाडले. "परकाशावालासले आते मी काय सांगू? आंधळी आंडेर कोन करी? काढ ते. शाळा बंद. चाल, गाडीमा बस."

सिंधूनं चष्मा काढून पुढे केला. डोंगर गेला, कडुनिंब गेला, नांदुरबार गेलं. मुनव्वरमियाँ उठून काही बोलणार, तोच पाटलांनी तो हातात फिरवून पाहिला. "देखूत ते, काय जादू शे येन्हामा," म्हणत त्यांनी तो स्वतःच्याच डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडे तोंड केलं.

"आरे! आरे! समदा धुराळा! मन्हा बैल कोठे गयात?" ते मागे सरकले. "ह्या काचा शेतस का इख? ह्याच लायीसन तुन्हा डोया फुटनात!"

"आबा, काढू नका."

बापाला असं नको म्हणायची सिंधूची ही पहिलीच वेळ. "तुम्हले आते जशे दिखस ना, तशेच माले दिखे. रोज. ह्या काचा नव्हत्यात तवय."

पितांबर पाटील थांबले. "कवयपाईन?"

"माले आठवस तवयपाईन."

चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून त्यांनी पाऊल पुढे टाकलं. पायरी सापडेना. हात पुढे करून त्यांनी दाराची चौकट चाचपली. रस्त्यावरून कुणी "राम राम, पाटील!" म्हणालं, आणि त्यांना गावच्या माणसाचा चेहरा ओळखू येईना. गेल्या सालची एक गोष्ट तेव्हा त्यांना आठवली असावी. प्रकाशाचे पाहुणे दारात उभे होते, सिंधू त्यांच्याकडे न बघता आत निघून गेली, आणि पाटलांनी चारचौघांत तिच्या मुस्काटात दिली होती. ते वळले. आवाज अगदी खाली आला होता.

"अशीच शाळामा जायेस तू? गाडीघोडामातून?"

"हा."

"आनि दर सालना तो पहिला नंबर?"

"आयकीसन," सिंधू म्हणाली.

"आयकीसन," पाटील पुटपुटले. देवाच्या गाभाऱ्यात माणूस बोलतो तसे. एवढी जमीन कसणारा, चार गावांत शब्द चालणारा तो माणूस आपल्या लेकीकडे आज पहिल्यांदाच पाहत असावा तसा पाहत होता, आणि तेही डोळ्यांवर धुरळा घेऊन. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं दोन्ही काचा पुसल्या आणि आपल्या राठ बोटांनी तिच्या डोळ्यांवर ठेवला. एक दांडी कानाऐवजी केसांत गेली. ती त्यांनी पुन्हा काढून नीट अडकवली.

"नांदुरबारले कवय जानं शे?"

"चैत्रमा."

"मी लई जासू. दोन्हीसले." एवढं बोलून, बैलांना पाणी दाखवतो म्हणत, ते रस्ता ओलांडून गेले.

तिथे गाडीच्या चाकाला हात टेकून पाटील उभे राहिले. तोंड दुकानाकडेच होतं. लेकीला एवढ्या लांबचं दिसत नाही, हे त्यांच्या मनावर आता पुरतं ठसलं होतं. चष्मा लावल्यावर दिसतं, हे मात्र त्या घडीला ते विसरले. त्यांनी लपवलं नाही. गालावरून धार उतरत होती, मिशी भिजली होती, ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. आबांना रडताना सिंधूनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते रडू शकतात हेही तिला माहीत नव्हतं.

"काय देखी ऱ्हायनीस?" नजमानं कानात विचारलं.

सिंधूनं हळूच चष्मा काढला. रस्त्यापलीकडे आबा पुन्हा एक पांढरा ठिपका झाले.

"काही नही," ती म्हणाली, आणि ते परत येईपर्यंत चष्मा तसाच ओंजळीत धरून उभी राहिली.