मागे राहिलेलं रोप

"यमुनाबाई, ही वरणावर घालायची की देवाला वाहायची?" मार्केट यार्डातला आडत्या दिगंबर कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करत म्हणाला. पानं थोडी, दांडे फार, टोकाला पांढरी फुलं. "किती दिवसांची?"

"अठ्ठावीस."

"वा! हिला फारच घाई."

यमुनाबाईने टोपली उचलली. खराडीत आयटी पार्कच्या काचांना खेटून तिचे पाच गुंठे होते. फाल्गुनातच तिथे वैशाख पेटायचा. तिने जुन्या साड्यांचा मांडव घातला, पाणी पहाटे द्यायला लागली. तरी दरवर्षी फुलं अलीकडेच सरकत होती.

घरी येऊन तिने बियाण्याच्या मडक्यात हात घातला. ज्या रोपाचे धने आधी पिकतील तेच बियाण्याला धरायचे, ही सासऱ्यांची रीत. त्यांच्या वेळी थंडी लांबायची, तेव्हा ते ठीक होतं. यमुनाबाईने वीस वर्षं तेच केलं.  ऊन घाई करत होतंच. पण घाई करणारी रोपंच निवडून, त्यांचं बी राखेत जपून, पुन्हा पेरणारी ती स्वतः होती.

"पाकीट आणतो की दुकानातून," रामदास म्हणाला. तिचा हा मुलगा कंपनीची कॅब चालवायचा.

"आन. पर हे बी गेलं तर कुठल्या दुकानात मिळनार हाय?"

तिने वाफ्यातली फुललेली सगळी रोपं उपटली. फुलं न आलेली सातच उरली. खुजी, मागे राहिलेली. सासऱ्यांनी ती बकरीला घातली असती; तिला आता सगळ्यांत उशिरा फुलणारंच बियाण्याला हवं होतं. रोज सकाळी ती शेंडे बघायची आणि फुललेलं उपटायची. सहाव्या दिवशी एकच उरलं.

दुपारी काचांवरून ऊन तिरपं उतरून मांडवाखाली शिरायचं. ती पदर ताणून आडवी बसायची. ऊन सरकलं की तीही सरकायची.

"आई, घरात ये. चक्कर येईल."

"बी धरू दे. मग येते."

 रामदास शेताच्या पलीकडे बघत होता. तिथल्या नव्या इमारतीला सकाळपासून काचा बसवणं चालू होतं. वरच्या दोन मजल्यांवर त्या लागल्याही होत्या.

थोड्या वेळाने त्या बाजूनेही ऊन आलं. यमुनाबाई उठली, रोपाला वळसा घालून तिकडे बसली, आणि आधीच्या बाजूचं ऊन रोपावर आलेलं बघून पुन्हा उठली.