दोरीवरचा अंदाज

विश्वास हा राष्ट्राचा कणा असतो. आमच्या भागात हा कणा नायलॉनचा होता आणि आमच्या गच्चीवरच्या दोन खांबांना बांधलेला होता. त्यावर आम्ही कपडे वाळत घालायचो.

खुलासा करतो. माझी बायको सरकारच्या हवामान खात्यात आहे. ढग, वारा, हवेचा दाब सगळं तपासून ती रोज अंदाज लिहिते. तो मंत्रालयात जातो आणि तिथे सुधारला जातो. मंत्रिमहोदयांच्या हस्ते कुठे उद्घाटन असेल, तर वादळाची झुळूक होते. गेल्या वर्षी अशाच एका झुळकेने नव्या क्रीडागृहाचं छप्पर उचलून शेजारच्या तळ्यात ठेवलं. तेव्हापासून रेडिओवर 'आकाश निरभ्र' असं ऐकलं की लोक छत्री शोधू लागले. मग ती सवयच लागली. पुलाबद्दल, औषधांबद्दल, शाळांबद्दल सरकार काहीही म्हणालं, तरी ऐकणारा मनातल्या मनात छत्री उघडायचा.

बायकोला बाहेर बोलायची मुभा नव्हती. अंदाज खात्याने सांगायचा, कर्मचाऱ्याने नाही, असा नियम आणि ती नियमाला पक्की. पण कर्मचाऱ्याने आपलं धुणं कधी वाळत घालावं, याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. ती कामावर निघताना मला सांगायची, "आज बाहेर घाला," किंवा "आज आतच राहू दे." धुणं माझ्याकडे होतं. साबणाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात दुसरं कुठलं खातं मिळणार?

शेजारच्या गच्चीवरच्या शिवणकामवाल्या वहिनींच्या हे पहिल्यांदा ध्यानात आलं. आमचे कपडे बाहेर दिसले की त्या आपले घालत, आम्ही काढले की त्याही काढत. त्यांच्यावरून बेकरीवाला शिकला, बेकरीवाल्यावरून सगळा भाग. रंगारी तर माझा सदरा दोरीवर दिसल्याशिवाय भिंतीला ब्रश लावत नसे. मी रस्त्याने जरा छाती काढूनच चालायचो. देशात असा सदरा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

जनतेचा विश्वास उडाल्याचं शेवटी सरकारच्या कानावर गेलं. सरकारने तो परत आणण्यासाठी आमच्याच भागातल्या मोठ्या मैदानावर सोहळा ठेवला. पत्र्याचा मांडव, मंत्र्यांचं भाषण आणि शाळेतल्या मुलींचा नाच. नाचात वहिनींची नात पहिल्या रांगेत होती.

आदल्या संध्याकाळी बायको घरी आली, चप्पल काढली आणि चहाला नको म्हणाली. असं ती कधी म्हणत नाही.

"उद्या धुणं आतच," ती म्हणाली.

"रेडिओवर तर झुळूक सांगतायत."

"मी झुळूक लिहिली नव्हती." तिने चप्पल कोपऱ्यात सरकवली. "तो मांडव पत्र्याचा आहे ना हो?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात मंत्रालयातले एक साहेब होते. अंगाने बारीक, बोलण्यात अतिशय नम्र. पाणी प्यायले, घर छान ठेवल्याचं म्हणाले आणि मुद्द्यावर आले.

"बाई, उद्या सकाळी तुमच्या दोरीवर दोन चादरी दिसायला हव्यात."

"कशाला?"

"तुमच्या चादरी दिसल्या नाहीत तर या भागातलं माणूस मैदानावर येणार नाही. आम्ही चौकशी केलीय. ओल्याच हव्यात असं नाही. कोरड्या चालतील."

"कोरडे कपडे वाळत घालू?"

"देशासाठी."

बायको साडीच्या पदराला हात पुसत उभी राहिली. हात ओले नव्हते. "साहेब, माझ्या सहीखालचा शब्द तुम्ही बदलता, मी काही करू शकत नाही. कागद खात्याचा आहे. दोरी माझी आहे. तिच्यावर मी खोटं बोलणार नाही."

"बदली होऊ शकते, बाई. बेटावरचं केंद्र रिकामं आहे."

"तिथे दोरी बांधायला दोन खांब असतील ना?"

साहेबांकडे ही माहिती नव्हती. ते गेल्यावर मी हळूच म्हटलं, "अगं, निदान एखादा हातरुमाल? सरकारचंही मन राहील." तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. हातरुमाल मी खिशात घातला.

सकाळी रेडिओने झुळूक सांगितली. सोहळ्याची सरकारी सुट्टी होती, म्हणून बायको घरीच होती. ऊनही छान पडलं होतं, अगदी सरकारी बाजूने. मी रिकाम्या दोरीखाली उभा राहिलो. पलीकडून वहिनींनी मान वर केली.

"भाऊजी, आज धुणं नाही?"

"नाही."

"साबण संपला की काय?"

"वहिनी, माझ्या घरात साबण संपेल?"

वहिनींनी वर बघितलं. आकाशात ढगाचा पुंजकाही नव्हता. मग त्यांनी आमच्या दोरीकडे बघितलं आणि आत हाक मारली, "ए पोरी, उतरव ते नाचाचे कपडे. कुठे जायचं नाहीये."

आत रडारड सुरू झाली. पण त्यांच्या पुढच्या गच्चीवर एक बाई ऊन बघून घाईने घातलेली चादर काढू लागली, तिच्या पुढे दुसरी. बेकरीवाल्याने बाहेरची बाकं आत घेतली. बघता बघता सगळ्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. संचलनाची मानवंदना घेणाऱ्या सेनापतीला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या बायकोने तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

मैदानावर मंत्रिमहोदय रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलले. खुर्च्या सरकारी होत्या, त्यामुळे शेवटपर्यंत बसल्या. विश्वासाचा मुद्दा आला तेव्हा वादळही आलं. मांडवाचे पत्रे सुटले आणि जिथे मुली नाचणार होत्या, नेमके तिथे येऊन पडले. मंत्रिमहोदय मंचाच्या खाली शिरले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, कारण खरचटायला कोणी आलंच नव्हतं.

वादळ ओसरल्यावर बातमी आली. वहिनी नातीला कडेवर घेऊन कठड्याशी आल्या. पोर कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती. त्यांनी तिला कठड्यावरून बायकोच्या पुढे केलं. बायकोने पोरीची वेणी नीट केली.

दुपारी पुन्हा बेल वाजली. साहेब होते, नखशिखांत भिजलेले, हातात गाठोडं. बदलीचा हुकूम एवढा जाड कसा, असं मला वाटलं.

"बाई," साहेब खाली बघत म्हणाले, "हा मंत्रिमहोदयांचा कोट आहे. रात्री राष्ट्राला उद्देशून भाषण आहे. आता ऊन राहील का?"

बायको काही बोलली नाही. नियम होता. तिने गाठोडं घेतलं, गच्चीवर गेली, कोट झटकला आणि दोरीवर घालून दोन चिमटे लावले.

सगळा भाग बघत होता. मग एकेका गच्चीवर कपडे बाहेर आले. सगळ्यांच्या मधोमध, माझ्या बायकोच्या शब्दावर, सरकार वाळत होतं. माझा ऊर भरून आला. या प्रसंगी चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला.

"भाऊजी," पलीकडून वहिनी म्हणाल्या, "तो कोट जरा तिकडे सरकवता का? माझ्या अभ्र्यांवर सावली पडतेय."